आतोबांचं ऑपरेशन

येहेझकेल नवगावकर हे माझ्या युडिथआत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा. अश्दोदला आमच्या वस्तीत त्यांना ओळखायला चेहरा बघावा लागत नसे. लांबून चाल दिसली की पुरे. पाठ ताठ, हात कवायतीसारखे मागेपुढे आणि वेग असा की आत्या कायम दहा पावलं मागे. "यांच्याबरोबर फिरायला जायचं म्हणजे टॅक्सीमागे धावायचं," असं ती म्हणायची. ते कोपऱ्यावर थांबायचे, ती आली की पुन्हा सुटायचे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी दोघांनी यावर काही तोडगा काढला नव्हता.

त्यांचा जन्म ठाण्याचा, टेंभी नाक्याजवळचा. मुंबईच्या गोदीत काही वर्षं कारकुनी केली आणि एकोणसत्तर साली आत्या आणि दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन ते इस्राएलला आले. अश्दोदच्या बंदरात धान्य तपासायच्या कामावर त्यांना नोकरी मिळाली. गव्हाचं किंवा मक्याचं जहाज लागलं की हे लांब पोकळ पितळी नळी घेऊन वर चढायचे, ढिगात ठिकठिकाणी ती खुपसून नमुने काढायचे, कापडी पिशव्यांत भरून चिठ्ठी लावायचे आणि लॅबमध्ये पाठवायचे.

आम्ही त्र्याहत्तर साली आलो तेव्हा पहिले आठ महिने त्यांच्याच दोन खोल्यांत राहिलो. मी बारा वर्षांचा होतो, हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं. आतोबा सुट्टीच्या दिवशी मला बंदरावर न्यायचे आणि पाट्या वाचायला लावायचे. चुकलं तर रागवायचे नाहीत, फक्त पुढे चालू लागायचे. मग मी धावत जाऊन बरोबर उत्तर द्यायचो. मी पुढे गाडी शिकवायचा धंदा केला. माझ्या विद्यार्थ्यांना मी कधी ओरडत नाही, त्याचं कारण तेच असावं.

पंच्याण्णव साली लॅबमधून तक्रार आली की नवगावकरांच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत. पहिला शब्द ठीक, पुढचा बारीक, शेवटचा तर मुंगीएवढा. आतोबांनी चष्मा बदलला. त्याच सुमाराला आत्याने त्यांना विचारलं, "तुमचा उजवा हात झोपलाय का? चालताना हलत नाही." कुपत होलीममध्ये, म्हणजे आमच्या विम्याच्या दवाखान्यात, डॉक्टरांनी खांदा आखडलाय असं सांगितलं आणि वर्षभर खांद्याला शेक दिला. पुढच्या वर्षी मेंदूच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत निदान केलं. पार्किन्सन.

गोळ्या सुरू झाल्या आणि पहिली काही वर्षं बरी गेली. अठ्ठ्याण्णवला त्यांनी नोकरी सोडली. मग गोळ्यांचा जोर कमी व्हायला लागला. गोळी घेतली की दीड तास माणूस ठीक, त्यानंतर एकदम दगड. डोस वाढवला की अंग वेडंवाकडं हलायला लागायचं, खुर्चीत बसल्या बसल्या मान, खांदे, पाय. दोन हजार दोन सालापर्यंत आतोबांनी लग्नाकार्याला जाणं बंद केलं होतं. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण मी एकदा बघितलं होतं. एका लग्नात त्यांच्या ताटातला भात शेजारच्या बाईंच्या रेशमी साडीवर सांडला. बाई चांगल्या होत्या, हसून झटकून टाकला. आतोबा मात्र त्यानंतर चारचौघांत जेवले नाहीत. आत्या पाहुण्यांना वाढायची, ते गेले की मग दोघं स्वयंपाकघरात दार लोटून जेवायची.

दोन हजार तीनच्या जानेवारीत डॉक्टर शालेव यांनी दोघांना बोलावलं. या पन्नाशीच्या बाई तेल अवीवजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात होत्या आणि आतोबांना पाच वर्षं तपासत होत्या. मी माझ्या शिकवणीच्या गाडीतून त्यांना घेऊन गेलो. छपरावर शिकाऊ चालकाची पाटी, त्यामुळे रस्त्यात सगळे आम्हाला ओलांडून जायचे. आत गेल्यावर आत्या म्हणाली, "तू पण बस, मला हिब्रू कठीण झालं तर सांगशील."

डॉक्टर शालेव यांचं हिब्रू अजिबात कठीण नव्हतं.

"या आजारात मेंदूतल्या काही पेशी मरतात," त्या म्हणाल्या. "त्या जे रसायन बनवत होत्या तेच बनवू शकतील अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आहेत. कवटीला भोक पाडून त्या मेंदूत सोडायच्या. चोवीस माणसांवर हे करून बघायचंय. तुमचं नाव मी सुचवू शकते."

आतोबांचा चेहरा तेव्हा आजाराने कोरा झाला होता, त्यावर काही उमटत नसे. पण त्यांचा पाय जोरात हलायला लागला.

"पूर्ण ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "चोवीसपैकी बारा जणांना पेशी मिळतील. बाकी बारा जणांनाही ऑपरेशन थिएटरमध्ये नेतील. डोक्याला चौकट लावतील, कातडी कापतील, कवटीत भोक पाडतील, टाके घालतील. पण ते भोक आरपार नसेल आणि आत काहीही सोडणार नाहीत. कोण कुठल्या बारांत हे कॉम्प्युटर ठरवेल. तुम्हाला कळणार नाही, तुम्हाला तपासणार आहे त्या मलाही कळणार नाही. शेवटच्या माणसाचं वर्ष पुरं झालं की सगळ्यांना सांगू."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी मराठीत सांगितलं. तिला सगळं आधीच समजलं होतं.

"म्हणजे नाटक," ती हिब्रूत म्हणाली.

"हो, नाटक," डॉक्टर म्हणाल्या. "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पूर्वी परदेशात अशी ऑपरेशनं झाली, माणसं भराभर सुधारली, सगळ्यांना वाटलं औषध सापडलं. मग नुसती कापाकापी करून बघितली तर त्यातलीही काही सुधारली. आता नक्की कशाने सुधारतात हे कळायला दुसरा मार्ग मला माहीत नाही. हेलसिंकी समितीने, म्हणजे माणसांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने, सहा महिने वाद घालून हे मान्य केलंय. रक्तस्राव होऊ शकतो, जंतू जाऊ शकतात. धोका दोन्हीकडे आहे, नाटकाकडे थोडा कमी."

"आणि पेशी चांगल्या निघाल्या तर?" आतोबांनी विचारलं. त्यांचा आवाज तेव्हा अगदी बारीक झाला होता, पुढे वाकून ऐकावं लागे.

"तर ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांना नंतर देऊ."

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या जेवणाला त्यांची मुलगी इन्बाल किर्यात गातहून आली. ती तिथल्या कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यात तंत्रज्ञ होती. तिच्याशी मराठीत बोललं तर ती हिब्रूत उत्तर द्यायची, लहानपणापासून तसंच. हिब्रूत अहो-जाहो नसतं, त्यामुळे बापाशीही अरे-तुरे. आत्याने तिला ऑपरेशनचं सांगितलं आणि तिने चमचा खाली ठेवला.

"अब्बा, तू डोक्याला भोक पाडून घेणार? तेही कदाचित उगीच?"

"उगीच नाही," आतोबा म्हणाले.

"मग कशासाठी? उंदीर संपले का त्यांच्याकडे?"

आतोबांची गोळी नुकतीच लागू झाली होती, म्हणून ते जरा सलग बोलू शकले. "बंदरात आम्ही नमुने पाठवायचो तेव्हा चिठ्ठीवर जहाजाचं नाव लिहीत नसू. फक्त नंबर. एकदा नवीन मुलगा आला, त्याने नावं लिहिली. त्या महिन्यात एका मोठ्या कंपनीचा सगळा गहू पहिल्या प्रतीचा ठरला. लॅबमधली बाई चोर नव्हती. तिला फक्त नाव माहीत होतं."

"तू गव्हाची पिशवी नाहीस."

"नाही. म्हणून तर त्यांनी मला विचारलं. गव्हाला कोण विचारतं?"

इन्बाल आईकडे वळली. "इम्मा, तू काही बोल."

आत्या ताटात आमटी वाढत होती. ती म्हणाली, "मला भीती वाटते. पण परवा हे मला म्हणाले की बिछान्यात स्वतःहून कूस बदलता आली तर बस झालं, दुसरं काही मागणार नाही. मी तीन वर्षं ह्यांना रात्रीतून चार वेळा वळवते. मला काही त्रास नाही त्याचा. पण ह्यांना आहे."

मी त्या प्रसंगाबद्दल पुष्कळदा विचार केलाय. आतोबा विज्ञानासाठी पुढे झाले असं नंतर काही लोक म्हणायचे. ते पूर्ण खरं नाही. नमुन्याचं त्यांना पटलं होतं हे खरं, पण मनातून त्यांना पेशीच हव्या होत्या, आणि त्या आपल्यालाच मिळणार असं त्यांनी धरून ठेवलं होतं. सहीच्या दिवशी सतरा पानांवर त्यांनी सह्या केल्या, प्रत्येक पुढची सही आधीच्यापेक्षा लहान.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी आत्याने एलियाहू हन्नवीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, नवस बोलला, की हे बरे झाले तर मलिदा करीन. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत मोठ्या गोष्टीसाठी हाच नवस असतो.

सकाळी त्यांच्या डोक्याला धातूची चौकट चार स्क्रूंनी बसवली. माणूस जागाच असतो, नुसती गुंगी. त्यांनी मला नंतर सांगितलं, "ड्रिलचा आवाज कानात येत नाही, मोझेस. दातांत येतो." मग सर्जन म्हणाला, आता अजिबात हलू नका. दहा-पंधरा मिनिटं सगळे गप्प होते. आतोबांनी मनात शेमाची प्रार्थना म्हटली. त्या वेळी डोक्याच्या आत काहीतरी गार उतरत गेल्यासारखं त्यांना वाटलं. ते त्यांनी गुंगी उतरल्या उतरल्या आत्याला सांगितलं. "गेल्या आत," म्हणाले.

शेजारच्या खाटेवर योएल नावाचा माणूस होता, त्याच दिवशी तेच ऑपरेशन झालेला. मूळचा रुमानियाचा, अश्केलोनला त्याची बेकरी होती, बायको वारलेली. डोक्याला बांधलेल्या फडक्याखालून तो म्हणाला, "मला काही गारबीर वाटलं नाही. मला नुसतं भोक मिळालं. माझं नशीब मला ठाऊक आहे." आत्याने त्याला घरून आणलेल्या चपात्या दिल्या. त्याने त्या बेकरीवाल्याच्या नजरेने उलटसुलट बघितल्या आणि चार खाल्ल्या. तेव्हापासून त्यांची मैत्री.

तिसऱ्या आठवड्यात आतोबांनी चहाचा भरलेला कप एका हाताने उचलला. आत्या ओट्यापाशी उभी होती, ती काही बोलली नाही, बोललं तर मोडेल असं तिला वाटलं. जूनमध्ये त्यांनी एका रात्री स्वतः कूस बदलली. आत्याला जाग आली ती त्यांनी वळवायला हाक मारली नाही म्हणून. तिने दिवा लावून बघितलं, तर ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

जुलैत ते माझ्या घरापर्यंत चालत आले, दीड किलोमीटर. बेल वाजली, दार उघडलं तर आतोबा, घामाने भिजलेले, आणि मागे जिन्यावर धापा टाकणारी आत्या. मी पाणी आणायला आत गेलो आणि तिथेच थोडा वेळ उभा राहिलो, डोळे पुसून बाहेर आलो.

दर तीन महिन्यांनी हॉस्पिटलात तपासणी व्हायची. त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही, डोक्यावर टोपी घालायची, म्हणजे डॉक्टरांना जखम दिसू नये. डॉक्टर शालेव बोटं आपटायला लावायच्या, खुर्चीतून उठवायच्या, मागून हळूच ओढून तोल बघायच्या. आकडे सुधारत होते. त्या काही म्हणायच्या नाहीत, पण एकदा आतोबा हात न टेकता खुर्चीतून उठले तेव्हा त्या लिहायच्या थांबल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. योएलचं मात्र जिथल्या तिथे होतं. तो दर वेळी आतोबांना म्हणायचा, "तू बाराच्या आतला, मी बाहेरचा."

सप्टेंबरात आत्याने मलिदा केला. पोहे भिजवले, गोड केले, फळं कापली. नारळ आतोबांनी स्वतः खवले, तीन नारळ. लोकांनी प्रार्थना म्हटली, प्रसाद घेतला, आणि आतोबा सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवले.

नोव्हेंबरात इन्बालला मुलगा झाला. आठव्या दिवशी सुंता. सुंतेच्या वेळी बाळाला मांडीवर धरून बसायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याला असतो, त्याला सांदक म्हणतात. हात हलून चालत नाही, कारण समोर सुंता करणाऱ्या मोहेलच्या हातात सुरी असते. जावयाचे वडील तयार होते. इन्बालने त्यांना नम्रपणे नाही म्हटलं आणि बापाला सांगितलं, "तू धर."

आत्या घाबरली. ती आतोबांच्या मागे उभी राहिली, दोन्ही हात पुढे तयार ठेवून. मी समोरच होतो. आतोबा खुर्चीत बसले, उशीवरचं बाळ मांडीवर घेतलं, त्याच्या गुडघ्यांवर दोन्ही पंजे ठेवले. सगळं होईपर्यंत ते पंजे हलले नाहीत. बाळ रडलं, त्याचं नाव ओरी ठेवलं, वाईनचा थेंब ओठाला लावला. आत्याच्या हातांना तिथे काहीच काम उरलं नाही. तिने ते आतोबांच्या खांद्यांवर ठेवले.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात, सुक्कोतचा सण झाल्यावर, डॉक्टर शालेव यांनी बोलावलं. शेवटच्या माणसाचं वर्ष पुरं झालं होतं. आतोबांनी जाताना पेढ्यांचा बॉक्स घेतला, अश्दोदच्या भारतीय दुकानातून. डॉक्टरांच्या टेबलावर एक बंद पाकीट होतं. ते त्यांनी आमच्यासमोर फोडलं. त्यांनाही तोपर्यंत माहीत नव्हतं.

त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"येहेझकेल," त्या म्हणाल्या, "तुम्हाला पेशी दिल्या नव्हत्या."

आत्याने विचारलं, "पाकीट बदललं असेल का?"

"नाही."

"पण हे बरे झालेत. तुम्हीच आकडे लिहिलेत."

"आकडे खरे आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदू आशेनेही ते रसायन थोडं सोडतो, हे आता मोजून बघितलंय. तुमच्यात जे झालं ते ढोंग नव्हतं. पण पेशींमुळे नव्हतं." मग त्यांनी उरलेलं सांगितलं. दोन्ही गटांतली माणसं जवळजवळ सारखीच सुधारली होती. म्हणजे पेशींनी वेगळं काही केलं नव्हतं. म्हणून पुढचं काम बंद. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांना आता देण्यात अर्थ नाही.

आतोबांनी पेढे टेबलावर ठेवले आणि उठले.

आत्या म्हणते की त्याच आठवड्यात सगळं परत आलं. मला तसं वाटत नाही. उन्हाळ्यापासूनच ते थोडं थोडं उतरत होतं, कप पुन्हा दोन हातांनी धरायचे, मी बघितलं होतं आणि न बघितल्यासारखं केलं होतं. पण हे खरं की त्या दिवसानंतर ते झपाट्याने खाली आले. पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत. दाढी केली नाही.

आत्याने एका सकाळी हॉस्पिटलात फोन लावला. मी तिथे होतो. ती रागावली की हिब्रू सोडून मुंबईच्या इंग्रजीत जायची, पण त्या दिवशी ती शांतपणे आणि स्वच्छ हिब्रूत बोलली. "तुम्ही माझ्या नवऱ्याला दीड वर्ष बरं केलंत आणि मग सांगितलंत की बरं केलं नाही. न सांगितलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं?"

पलीकडून डॉक्टरांचं उत्तर आलं. आत्याने ते मला नंतर सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "मलाही त्या दिवशी पाकीट उघडावंसं वाटत नव्हतं, युडिथ. पण न उघडता पुढच्या हजार माणसांच्या डोक्याला मी भोकं पाडली असती, आणि पैसे आणि रक्त गेलं असतं, आणि आशा किती दिवस पुरते हे तुम्ही बघितलंच."

"बरोबर बोलली," आत्या फोन ठेवून म्हणाली. "म्हणूनच राग येतो."

त्या शुक्रवारी इन्बाल ओरीला घेऊन आली. जेवण झाल्यावर आतोबा अचानक म्हणाले, "मी सगळ्यांना फसवलं. सुंतेच्या दिवशी बाळ माझ्या मांडीवर दिलंत. माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. काही झालं असतं तर?"

ओरी जमिनीवर रांगत होता. इन्बालने त्याला उचलून बापाच्या मांडीवर ठेवलं आणि मराठीत बोलली. मी तिला इतकं मराठी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शब्द शोधत, व्याकरण चुकवत.

"अब्बा, बाळ पेशीने नाय धरला. तू धरला. मी बघत होती. तुझा हात होता."

आतोबांचा हात थरथरत होता, बाळ त्या हाताकडे बघून हसलं, त्याला ती गंमत वाटली असावी. आतोबा खूप वेळ त्याला घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. आत्या म्हणते तीन ठिकाणी कापलं.

नंतरच्या मंगळवारी योएल अश्केलोनहून बसने आला, हातात पावाची पिशवी. त्यालाही पाकीट उघडून सांगितलं होतं. त्याला खऱ्या पेशी मिळाल्या होत्या. दीड वर्ष तो आपल्या नशिबाला शिव्या देत होता आणि पेशी सगळा वेळ आत होत्या.

दोघं समोरासमोर बसले. दोघांचेही हात हलत होते. आत्याने चहा ठेवला.

योएल म्हणाला, "माझ्या डोक्यात लाखो पेशी. तुझ्या डोक्यात नुसती हवा. आता चहा कुणी ओतायचा ते सांग."

आतोबांचा चेहरा कोराच होता, पण खांदे हलायला लागले. ते हसत होते. आत्याने तोंडाला पदर लावला. शेवटी चहा तिनेच ओतला.

"मला वाटलं असतं की मिळाल्या, तर मीही नाचलो असतो," योएल म्हणाला. "तू मूर्ख होतास, तुझा फायदा झाला. मी शहाणा, मला काय मिळालं?"

"पाव चांगला आहे," आतोबा म्हणाले.

त्यानंतर दर मंगळवारी योएल यायचा. दोघं अश्दोदच्या किनाऱ्यावरच्या फरसबंद रस्त्यावर चालायचे. गोळीच्या वेळा त्यांनी जुळवून घेतल्या होत्या, म्हणजे दोघं एकाच वेळी चालते असतील. एक अडकला तर दुसरा थांबायचा. फिजिओथेरपीच्या बाई म्हणायच्या की याचा गोळीएवढा उपयोग होतो. मला ते मोजता येत नाही, पण आतोबा पुढची दोन-तीन वर्षं पायांवर राहिले, आणि चारचौघांत जेवणं त्यांनी पुन्हा बंद केलं नाही. सांडलं तर सांडलं. लग्नात ते आता सरळ यजमानांना विचारायचे, "साडीवाल्या बाईंपासून लांब कुठे बसू?"

योएल दोन हजार सातमध्ये हृदयविकाराने गेला. त्याने आधीच लिहून ठेवलं होतं की मेल्यावर माझं डोकं डॉक्टर शालेवना बघू द्या. "माझे भाडेकरू जिवंत आहेत का बघा," असं तो म्हणायचा, "इतकी वर्षं फुकट राहिले." त्याच्या मुलांना ते पटत नव्हतं, मेलेल्या माणसाला कापायचं आमच्यात मानत नाहीत. पण बापाची सही होती. शोकाचे सात दिवस त्याच्या घरी बसायचे असतात, त्यात आतोबा तीन वेळा अश्केलोनला गेले, मी नेलं. काही महिन्यांनी डॉक्टरांनी फोन करून सांगितलं की पेशी फार थोड्या उरल्या होत्या. आतोबा म्हणाले, "त्याला सांगायला हवं होतं. खूप हसला असता." आणि मग त्या दिवशी ते एकटेच किनाऱ्यावर जाऊन आले.

दोन हजार आठच्या डिसेंबरअखेर अश्दोदवर गाझातून रॉकेटं पडायला लागली. भोंगा वाजला की पाऊण मिनिट मिळायचं. त्यांच्या जुन्या इमारतीत आसऱ्याची खोली नव्हती, जिन्यात जाऊन बसायचं. पहिल्याच दिवशी मी त्यांच्याकडे होतो. भोंगा झाला, आत्याने गॅस बंद केला, आम्ही निघालो, आणि दाराच्या उंबऱ्यावर आतोबांचे पाय जमिनीला चिकटले. या आजारात असं होतं, दार दिसलं की पाय अडतात. मी त्यांना काखेतून उचलायला लागलो.

"ओढू नकोस, पडतील," आत्या म्हणाली. तिने आपला पाय त्यांच्या पावलासमोर आडवा ठेवला. "माझा पाय ओलांडा."

आतोबांनी खाली बघितलं, पाय उचलला आणि ओलांडला. तिने दुसरा ठेवला. असं करत चार पावलांत ते जिन्यात आले. वरच्या मजल्यावरची मंडळी आधीच बसली होती, त्यांनी जागा केली. लांब कुठेतरी धडाका झाला. आत्या म्हणाली की गॅसवर खिचडी तशीच राहिली, आणि आतोबांनी तिचा हात धरून ठेवला होता, हलत्या हाताने.

दोन हजार नऊमध्ये, पेसाहच्या सणाच्या सुमाराला, डॉक्टर शालेव यांचा फोन आला. दुसरी कुठली तरी चाचणी सुरू होत होती, वेगळ्या उपचाराची, पण तशीच, अर्ध्यांना खरं आणि अर्ध्यांना नाटक. बेरशेवाचा एक शिक्षक सही करावी की नाही या विचारात होता. आतोबा त्याच्याशी बोलतील का?

आतोबा हो म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की आत्याला रिसीव्हर त्यांच्या तोंडाशी धरावा लागला. मी शेजारी बसून ऐकत होतो. त्या माणसाने पुष्कळ विचारलं, दुखतं का, किती दिवस राहावं लागतं, भोक नंतर भरतं का. आतोबा एकेक शब्द थांबून थांबून सांगत होते. शेवटी त्याने विचारलं, पुन्हा विचारलं तर तुम्ही सही कराल का.

आतोबांनी आत्याकडे बघितलं. तिने खांदे उडवले, तुमचं डोकं, तुम्ही ठरवा.

"करीन," ते फोनमध्ये म्हणाले. "पण पाकीट उघडायच्या दिवशी एकटे जाऊ नका. घरातली सगळी माणसं न्या. पोरंबाळंसुद्धा."

पलीकडच्या माणसाला ऐकू गेलं नाही. त्याने दोनदा विचारलं. मग आत्याने रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला आणि तेच त्याला मोठ्याने सांगितलं.